वाचकांचे प्रश्न : गेलेल्या माणसांची नोंद गावानं कशी ठेवावी?

गावातलं माणूस गेलं की चौकात फ्लेक्स लागतो, तेरवी होते, आणि दोन-चार वर्षांत त्या माणसाबद्दल सांगता येईल असं हार घातलेल्या फोटोखेरीज काही उरत नाही. हे टाळायचं कसं, अशी पत्रं यवतमाळपासून गोंदिया-गडचिरोलीपर्यंतच्या वाचकांनी पाठवली आहेत. ग्रंथालय, गावदप्तर आणि तोंडी इतिहास गोळा करण्याचं काम केलेल्या मंडळींनी मिळून त्यांना उत्तरं दिली आहेत. पत्रलेखकांची नावं त्यांच्याच विनंतीवरून वगळली आहेत.

प्रश्न : संपादक महोदय, जय गुरुदेव. आमचं गाव साडेतीनशे घरांचं. वाचनालयातल्या आम्ही पोरापोरींनी ठरवलं, की वर्षभरात गेलेल्या प्रत्येकाची एका वहीत नोंद करायची आणि २६ जानेवारीच्या ग्रामसभेनंतर ती वाचायची. पहिल्या तीन नोंदी लिहून झाल्या तर तिन्ही सारख्याच : प्रेमळ, कष्टाळू, मनमिळाऊ. नाव खोडून दुसरं टाकलं तरी चालेल अशा. नेमकं काय विचारावं, काय लिहावं? (ता. आर्णी, जि. यवतमाळ)

उत्तर : प्रश्न तसे विचारले गेले म्हणून नोंदी तशा झाल्या. 'बाबा कसे होते?' असं विचारल्यावर घरचा माणूस 'लय चांगले होते' म्हणणार, दुसरं काय म्हणेल? स्वभावाचं विचारूच नका, कामाचं विचारा. बैलजोडी घरची होती की उसनी? बैलांची नावं काय? पोळ्याला तोरणाखाली जोडी कितव्या नंबरला उभी राहायची, आणि त्या नंबरावरून कधी वाद झाला का? डवरा घरीच दुरुस्त व्हायचा की सुताराकडे जायचा? कापूस फुटला की सीतादही (पहिल्या वेचणीची पूजा) कोण करायचं, कोणत्या कोपऱ्यातल्या झाडापाशी? बाईबद्दल विचारताना : निंदणाला गेल्यावर पहिली पात कुणाची असायची? कुणाकुणाच्या बाळंतपणाला तिला बोलावणं यायचं? भुलाबाईची किती गाणी तिला पाठ होती, आणि ती आता गावात कुणाला येतात? असे पाच प्रश्न विचारले तर 'कष्टाळू' हा शब्द लिहायची गरज पडत नाही.

वही घ्यायची ती जाड पुठ्ठ्याची, शिवलेल्या बांधणीची, फुलस्केप, दोनशे पानी. स्पायरल घेऊ नका, पानं सुटतात. काळ्या बॉलपेननं लिहा. साध्या जेल पेनची शाई पावसाळ्यात ओल लागली की पसरते. एका माणसाला समोरासमोरची दोन पानं. डाव्या पानावर फक्त माहिती : पूर्ण नाव आणि गावात ज्या नावानं हाक मारत ते नाव, बाई असेल तर माहेरचं नाव, माहेरचं गाव आणि लग्नात नाव बदललं असल्यास आधीचं नाव, जन्म, आणि तो कशावरून धरला, मृत्यूची तारीख आणि ठिकाण, आईवडिलांची नावं, कामधंदा आणि त्याची वर्षं, राहण्याची जागा. शेवटी माहिती कुणी दिली, त्यांचं नातं, तारीख आणि लिहिणाऱ्याची सही. मोबाइल नंबर, आधार नंबर, जमिनीच्या वादातला गट नंबर असलं काही या वहीत नको.

उजव्या पानावर अडीचशे ते तीनशे शब्द. याला हिशेब आहे. तीनशे शब्द मोठ्यानं, सावकाश वाचायला तीन मिनिटं लागतात. तुमच्या गावाची वस्ती दीड हजाराच्या आसपास धरली तर वर्षाला दहा-बारा नोंदी होतील, म्हणजे वाचन पस्तीस-चाळीस मिनिटांत संपेल. एकाच माणसावर सहा पानं लिहिली की त्या दिवशी बाकीच्यांच्या घरचे हिरमुसतात, आणि पुढच्या वर्षी कुणी ऐकायला बसत नाही.

विचारायला कधी जायचं, हे महत्त्वाचं. मयतीच्या दिवशी वही घेऊन जाणं बरं दिसत नाही. दहावी-तेरवीला सगळे नातेवाईक एका मांडवात असतात, पण तो दिवसही विचारपूस करायचा नाही. त्या दिवशी फक्त कोण कोणत्या गावाहून आलं आणि त्यांचा संपर्क कसा होईल एवढं वेगळ्या कागदावर टिपा. मग पंधरा दिवसांनंतर आणि चाळीस दिवसांच्या आत बसा. त्यापेक्षा उशीर केला तर पोरगा पुण्याला, लेक सासरी, आणि घरात राहिलेली सून म्हणते, 'मले काय मालूम, मी तर दोन सालापूर्वी आली.'

प्रत्येक नोंदीसाठी किमान तीन माणसं गाठा : एक घरातलं, एक कामावरचं सोबती, एक लहानपणचं. सगळ्यात जास्त चूक इथं होते. आईबद्दल मुलाला विचारतात आणि उठतात. मुलाला आई माहीत असते ती त्याच्या जन्मानंतरची. लग्नाआधीची पंधरा-सोळा वर्षं विचारायची तर तिची बहीण, भाऊ किंवा माहेरची मैत्रीणच हवी, मग त्यासाठी फोन करावा लागला तरी करा.

कुणाची नोंद घ्यायची, याचा नियम पहिल्याच पानावर लिहून ठेवा. 'गावात राहत असलेली किंवा गावात वाढलेली प्रत्येक व्यक्ती' हा साधा नियम पुरतो. नियम नसला की वही पाटला-देशमुखांच्या घरांची होते आणि सालदार (वर्षाच्या बोलीवर राहिलेला शेतगडी), गुराखी, कोलामांच्या पोडावरची (वस्तीवरची) म्हातारी त्यातून आपोआप गळते, कुणी मुद्दाम गाळलं नाही तरी. सालदाराची वर्षं मोजताना लक्षात ठेवा : साल गुढीपाडव्याला बदलतं. 'अमक्याकडे सात साल' म्हणजे सात पाडवे.

लिहून झालं की घरच्यांना वाचून दाखवा. त्यांनी एखादी ओळ काढायला सांगितली तर एका रेघेनं खोडा आणि बाजूला सही घ्या. व्हाइटनर लावू नका. दोन जणांनी दोन वेगळ्या गोष्टी सांगितल्या तर दोन्ही लिहा आणि कुणी काय सांगितलं ते नावानिशी द्या. न्यायनिवाडा करायला वही नाही.

प्रश्न : आमची आजी गेली. फ्लेक्सवर वय ९५ छापलं, आधार कार्डावरून ८१ येतं, मोठे मामा म्हणतात नव्वद-एक्याण्णव. ती शाळेत गेलीच नव्हती. नोंदीत काय लिहू? (ता. सिंदेवाही, जि. चंद्रपूर)

उत्तर : आधारवर १ जानेवारी ही तारीख आहे का पाहा. असेल तर तो बहुधा कॅम्पातल्या ऑपरेटरनं टाकलेला अंदाज आहे, त्याला धरून चालू नका. शाळेत गेलेल्यांच्या दाखल्यावर १ जुलै किंवा १ जून असेल तर तीच गोष्ट. पूर्वी पोराचा हात डोक्यावरून पलीकडच्या कानाला लागला की मास्तर त्याला सहा वर्षांचा धरून शाळा उघडायची तारीख लिहून टाकत. उंच पोरं वयानं मोठी झाली आणि बुटकी लहान राहिली, ती अशी.

तुम्ही वय काढा ते ठोकताळ्यांवरून, पण एकमेकांशी संबंध नसलेल्या दोन ठोकताळ्यांवरून. आपल्या भागात उपयोगी पडणाऱ्या काही तारखा : १६ ऑगस्ट १९४२, चिमूर आणि आष्टीचा उठाव. १४ ऑक्टोबर १९५६ नागपूरची आणि १६ ऑक्टोबरची चांद्याची धम्मदीक्षा. २० डिसेंबर १९५६, गाडगेबाबांचं निधन. ११ ऑक्टोबर १९६८, तुकडोजी महाराजांचं निधन. १९७२चा दुष्काळ, कापसाची एकाधिकार खरेदीही त्याच साली सुरू झाली. ३० जुलै १९९१, मोवाडचा पूर. २३ नोव्हेंबर १९९४, नागपुरातलं गोवारी हत्याकांड.

आता तुमच्या आजीचं. समजा त्या सांगत, की चिमूर पेटलं त्या साली मी धानावरची पाखरं हाकलायला बांधावर बसायची. हे काम सात ते नऊ वर्षांच्या पोरीचं. म्हणजे जन्म १९३३ ते १९३५. दुसरीकडून पाहा : थोरल्या मावशींचं शाळेतलं जन्मसाल १९५४ असेल, लग्न त्याआधी दोन-तीन वर्षं झालं असेल आणि लग्नात वय सोळा-सतरा, तर जन्म १९३४ ते १९३६च्या दरम्यान येतो. दोन्ही जुळले. नोंदीत लिहा : 'जन्म अंदाजे १९३४ (चिमूरच्या उठावाची आठवण आणि थोरल्या मुलीचं वय यांवरून)'. कंसातला मजकूर गाळू नका. तो नसला तर पुढचा माणूस अंदाजालाच पुरावा समजतो. फक्त 'दुष्काळात', 'पुरात', 'देवीच्या साथीत' एवढ्यावर थांबू नका, कोणता दुष्काळ ते विचारा. आणि ठोकताळा आजीच्या तोंडचा हवा. मामांनी स्वतः हिशेब करून सांगितलेला ठोकताळा म्हणजे मामांचाच अंदाज.

कागद हवाच असेल तर तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात कोतवाल बुकाची (गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीची) नक्कल मागा. तिथं तीन गोष्टी अडतात. एक, नोंद माहेरच्या गावाच्या बुकात असते, सासरच्या नाही. दोन, जन्माच्या नोंदीत बहुतेकदा बाळाचं नाव नसतं, कारण बारशाआधीच नोंद व्हायची; 'अमक्याला मुलगी' एवढंच सापडतं. त्यामुळे आजी कितवं लेकरू, पाठची-मागची भावंडं कोण, हे आधी काढून न्या. तीन, अर्जात गाव आणि तीन-चार वर्षांचा पट्टा द्या. 'माझ्या आजीची नोंद शोधून द्या' म्हटलं तर कारकून हात वर करतो, आणि त्याचंही चुकत नाही.

जाता जाता : जिल्ह्यांची नावं त्या-त्या काळची लिहा. गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ला झाला, वाशीम १ जुलै १९९८ला, गोंदिया १ मे १९९९ला. १९५० साली कुरखेड्याला जन्मलेला माणूस चांदा जिल्ह्यात जन्मला. नागपूर-वर्धा-चांदा-भंडाऱ्याकडचे जुने गुरुजीही १९५८ साली 'जिल्हा परिषदेत लागले' नव्हते, जनपद सभेच्या (तेव्हाच्या तालुका पातळीवरच्या स्थानिक संस्थेच्या) शाळेत लागले होते. जिल्हा परिषदा आल्या १ मे १९६२ला.

प्रश्न : वडील नागपूरच्या दवाखान्यात वारले. ग्रामपंचायतीत मृत्यूची नोंद नाही म्हणतात. गावात सत्तर वर्षं राहिलेल्या माणसाची नोंद गावात नसावी? (ता. काटोल)

उत्तर : १९६९च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यानं मृत्यू जिथं झाला तिथं नोंद होते, राहण्याच्या गावी नाही. तुमच्या वडिलांची नोंद नागपूर महानगरपालिकेकडे असेल आणि दवाखान्यानं ती कळवलेली असेल. दाखला तिथूनच मिळेल. दवाखान्यात भरून देताना नावाचं स्पेलिंग आणि गावचा पत्ता तपासला नाही तर पुढे वारसाच्या फेरफाराला तोच दाखला अडतो. घरी मृत्यू झाला असेल तर घरच्या कर्त्यानं २१ दिवसांत ग्रामपंचायतीत कळवायचं. २१ ते ३० दिवसांत विलंब शुल्क, ३० दिवसांनंतर वर्षापर्यंत वरिष्ठ अधिकाऱ्याची लेखी परवानगी, आणि वर्ष उलटल्यावर दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो. दाखल्यावर मृत्यूचं कारण नसतं, ते उघड करायला कायद्यानंच मनाई आहे.

स्मरणवही तयार करणाऱ्यांनी यातून एक बोध घ्यावा : फक्त पंचायतीच्या रजिस्टरवरून यादी केली तर दवाखान्यात गेलेले सगळे सुटतात, आणि आता ते थोडे नसतात. आशाताईंना आणि पोलीस पाटलांना विचारून यादी पुरी करा.

प्रश्न : आमच्या गावात यंदा दोन शेतकऱ्यांनी आत्महत्या केली. एकाच्या घरचे म्हणतात लिहा, दुसऱ्याची आई म्हणते नाव पण घेऊ नका. लिहावं की नाही, आणि लिहिलं तर किती? (जि. यवतमाळ)

उत्तर : दुसऱ्या घरी आईचं ऐका. डाव्या पानावर नाव आणि तारीख लिहा, उजवं पान कोरं सोडा. दोन-तीन वर्षांनी ती स्वतः सांगेल, तेव्हा लिहिता येईल. कोरं पान राखलं नाही तर ती जागा पुन्हा मिळत नाही.

पहिल्या घरच्या नोंदीत मृत्यूचा प्रकार लिहू नका, औषधाचं नाव नको, जागा नको. हे ऐकणाऱ्यांत तशाच अडचणीत असलेला कुणी बसलेला असू शकतो. 'कर्जापायी' असं एका शब्दात कारणही देऊ नका. कारणं सहसा एकात एक गुंतलेली असतात, शिवाय मदतीसाठी प्रकरण पात्र की अपात्र हे जिल्हास्तरावरची समिती कागदपत्रं पाहून ठरवते. गावाच्या वहीत कुणीतरी सहज लिहिलेली ओळ त्या घराच्या आड येऊ नये. प्रकरण निकाली निघेपर्यंत कर्जाचे आकडे आणि सावकाराची नावं वहीबाहेरच ठेवा.

मग लिहायचं काय? त्या माणसाची पस्तीस-चाळीस वर्षं आहेतच की. किती एकर, कोरडवाहू की ओलीत, वावराला कोणत्या नावानं ओळखतात, तूर-कपाशीच्या ओळी तो कशा लावायचा, गावात कुणाची मोटर बिघडली तर तो जायचा का, भजनात टाळ धरायचा की पखवाज. पत्नीला विचारा, आणि ती बोलेल तेव्हा सासर-माहेरची पुरुष मंडळी खोलीत नसतील असं पाहा. ती पहिल्या भेटीत काही बोलणार नाही. तिला घाई करू नका.

वाचनाच्या दिवशी या नोंदी सगळ्यात शेवटी ठेवू नका. मधे घ्या, म्हणजे माणसं त्याच भारात उठून जाणार नाहीत. कुणी फार अस्वस्थ दिसलं तर त्याच्यासोबत घरापर्यंत जा. टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर फळ्यावर लिहून ठेवा, तो विनामूल्य आहे आणि रात्रीही चालतो.

प्रश्न : आमच्या गावचे दंडारीतले (इकडच्या लोकनाट्यातले) जुने नट गेले. झाडीपट्टीच्या (पूर्व विदर्भातल्या) नाटकांतही त्यांनी कामं केली. घरी एक पेटी निघाली : हँडबिलं, फाटक्या वह्या, दोन कॅसेट. यातून काय करता येईल? (ता. देसाईगंज, जि. गडचिरोली)

उत्तर : आधी काय करू नये ते सांगतो. पेटी उन्हात वाळवू नका, कागद पिवळा पडून तुकडे होतात. सावलीत, पंख्याखाली, वर्तमानपत्रावर पसरा आणि ज्या क्रमानं निघालं त्याच क्रमानं पुन्हा ठेवा. फाटलेल्या पानांना सेलोटेप लावू नका. चिकटा पाच-सात वर्षांत कागदात उतरून तपकिरी डाग पाडतो. सुट्या तुकड्यांचं पाकीट करा. पिना आणि रबर काढून टाका, पिना गंजतात आणि रबर कागदाला चिकटतं.

हँडबिलांवर वार, तारीख, गाव, शंकरपट (बैलांची शर्यत), नाटकाचं नाव, तिकिटाचे दर सगळं असतं. नसतं ते साल. ते काढता येतं. समजा, 'शुक्रवार दि. १४ जानेवारी, रात्री १० वाजता' असं छापलं आहे. १९७० ते १९९९च्या दरम्यान १४ जानेवारीला शुक्रवार आला तो फक्त १९७२, १९७७, १९८३ आणि १९९४ या चार वर्षी. मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये मागं जाऊन दहा मिनिटांत हे पाहता येतं. आता तिकिटाचा दर, छापखान्याच्या फोन नंबरातले आकडे, आणि तळाशी जिल्हा 'चंद्रपूर' आहे की 'गडचिरोली', यांवरून चारांतलं एक साल उरतं. तुमच्या तालुक्यातल्या हँडबिलावर 'जि. गडचिरोली' असेल तर १९७२ आणि १९७७ आपोआप बाद. हंगाम दिवाळीनंतर सुरू होऊन होळीच्या आसपास संपतो, त्यामुळे एकाच हंगामाची हँडबिलं दोन सालांत मोडतात. 'हंगाम १९८२-८३' असं लिहा.

वह्यांत बहुधा पूर्ण नाटक सापडणार नाही. त्यांच्या एकट्याच्या वाट्याची वाक्यं आणि आधीच्या नटाच्या शेवटच्या दोन-तीन शब्दांचा इशारा एवढंच असेल. तेवढ्यावरूनही भूमिका कळते. समासातल्या खुणा तशाच उतरवून घ्या, कारण कुठं थांबायचं, कुठं हार्मोनियमनं सूर द्यायचा हे तिथंच असतं. त्यांच्यासोबत उभे राहिलेले दोन-तीन जण अजून असतील त्यांना वही दाखवून बोलतं करा. नुसतं 'आठवणी सांगा' म्हटलं तर 'लय जोरदार काम करत' एवढंच हाती येईल. ओळ वाचून दाखवली की पुढची ओळ ते स्वतःच म्हणतात, हातवाऱ्यांसकट. तेव्हा व्हिडिओ चालू असू द्या. खोलीतला पंखा बंद करा, फोन त्यांच्या तोंडापासून दीड-दोन फुटांवर पुस्तकाला टेकवून ठेवा, आणि सुरुवातीला तारीख, गाव, हजर माणसं मोठ्यानं बोला. दंडारीत कोणती वाद्यं, कोण वाजवत, हार्मोनियमचा सूर काळी दोनचा की पांढरी चारचा, स्त्रीपार्ट कोण करत आणि कोणत्या साली बाया स्वतः उभ्या राहू लागल्या, हे विचारायला विसरू नका.

कॅसेट लगेच लावून पाहू नका. बुरशी (पांढरट ठिपके) दिसत असेल तर टेपरेकॉर्डरचं हेडही जातं. नसेल तर हातानं, पेन्सिल घालून, एकदा पूर्ण पुढं आणि मागं गुंडाळा, म्हणजे चिकटलेली फीत सुटेल. मागच्या बाजूच्या दोन लहान चिमट्या तोडा, चुकून वर रेकॉर्डिंग होणार नाही. मग पहिल्याच वाजवण्यात केबलनं संगणकावर उतरवा. दुसऱ्यांदा ती वाजेलच याची खात्री नसते.

प्रश्न : गावात मराठा-कुणबी, बौद्ध, गोंड, मुसलमान, दोन घरं महानुभाव. सगळ्यांच्या नावापुढे 'कै.' लावलं तर काहींना रुचलं नाही. (ता. चांदूर बाजार, जि. अमरावती)

उत्तर : रुचणार नाहीच. वहीत कुणालाच काही लावू नका. नाव आणि कंसात दोन सालं, एवढं सर्वांना चालतं. पत्रिका किंवा फलक घरचे छापतील तिथं त्यांची रीत : बौद्ध घरांत 'कालकथित', वारकऱ्यांत 'वै.', मुसलमानांत 'मरहूम', बाकी 'कै.' किंवा 'स्व.' गोंड घरांत माणूस चार देवांचा, पाच, सहा की सात देवांचा हे आणि गोत्र विचारा. घरच्यांनी लिहा म्हटलं तरच लिहा. विधींची वर्णनं मात्र त्या-त्या घरच्या शब्दांत उतरवा, स्वतःच्या घरच्या शब्दांत नको.

प्रश्न : पुण्यतिथी तारखेनं धरावी की तिथीनं? (जि. गोंदिया)

उत्तर : वहीत दोन्ही लिहा, पाळायचं काय ते घर ठरवेल. तुकडोजी महाराज ११ ऑक्टोबर १९६८ला गेले, पण मोझरीचा महोत्सव आश्विन वद्य पंचमीच्या हिशेबानं होतो. त्यामुळे दरवर्षी इंग्रजी तारीख बदलते. मधे अधिक महिना आला तर तिथी आदल्या वर्षीपेक्षा अठरा-एकोणीस दिवस पुढे सरकते, हे बाहेरगावच्या पाहुण्यांना आधी कळवा. तुमच्या भागात हिंदी पंचांग वापरणारीही घरं आहेत. त्यांच्याकडे महिना पौर्णिमेला संपतो, म्हणून आपला आश्विन वद्य त्यांचा कार्तिक कृष्ण पक्ष होतो. कोणत्या पंचांगाची तिथी आहे हे लिहिलं नाही तर पुढची पिढी महिनाभर चुकते.

प्रश्न : आजोबांचा एकच फोटो आहे, भिंतीवरच्या फ्रेममध्ये काचेला चिकटलेला. काढायला गेलो तर कोपरा निघाला. (ता. समुद्रपूर, जि. वर्धा)

उत्तर : थांबा, आणखी ओढू नका. फोटो आणि काच यांत ओल शिरली की फोटोवरचा जिलेटिनचा थर काचेला धरतो. हार ओले असतात, गंध-कुंकवाचं पाणी काचेच्या कडेनं आत उतरतं, आणि भिंत मातीची असेल तर मागूनही ओल येते. काचेसकटच त्याचा फोटो काढायचा. फ्रेम उभी करून दारातल्या उजेडात, पण ऊन थेट पडणार नाही अशी ठेवा. फोन बरोबर समोर, फ्लॅश बंद. काचेत तुमचंच प्रतिबिंब दिसेल, ते घालवायला काळं कापड किंवा काळी छत्री फोनभोवती धरा आणि लेन्सपुरती जागा मोकळी ठेवा. दहा-बारा काढा, एखादा नीट येतो. तो पाठवताना व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो म्हणून पाठवू नका, आकार घटतो. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. सुटे फोटो असतील तर तालुक्याच्या झेरॉक्सवाल्याकडे ६०० डीपीआयला स्कॅन करून घ्या, तो न सांगता २००ला करतो. मागे नावं लिहायची तर मऊ पेन्सिलनं, कडेला. आणि कृपा करून लॅमिनेशन नको. एकदा केलं की ते निघत नाही, आत ओल राहिली तर फोटो आतच कुजतो.

फ्रेम परत लावताना काच आणि फोटो यांच्यात जाड कागदाची चौकट घाला, मागे दोन लहान बुचं चिकटवून फ्रेम भिंतीपासून सुटी ठेवा. हार फोटोला नाही, खिळ्याला.

प्रश्न : यंदा गेलेल्या अकरा जणांच्या नावानं पांदण रस्त्याला झाडं लावायची आहेत. मागच्या वर्षी लावलेल्या नऊपैकी दोनच जगली. नावाच्या पाट्या तेवढ्या उभ्या आहेत, आणि ते बघून घरच्यांना वाईट वाटतं. (ता. दर्यापूर, जि. अमरावती)

उत्तर : तुमच्याकडची खारपाणपट्ट्यातली (जमिनीखालचं पाणी खारट असलेल्या भागातली) भारी काळी जमीन आहे. पावसाळ्यात मुळाशी पाणी साचतं आणि उन्हाळ्यात भेगा पडून मुळं उघडी होतात. बहुतेक रोपं या दोनांतल्या एकानं जातात, बाकीची शेळ्या खातात. खड्डा दोन फूट लांब, दोन रुंद, दोन खोल, मे महिन्यातच खणून तापू द्या. भरताना निम्मी माती, पाव शेणखत, पाव मुरूम किंवा जाड वाळू, आणि भराव जमिनीपेक्षा चार बोटं उंच ठेवा, म्हणजे पाणी बुडाशी थांबणार नाही. कडुनिंब, करंज, बोर, चिंच घ्या. गुलमोहर नको, वाऱ्यात मोडतो. रोप हातभर नको, कमरेएवढं घ्या. पहिले दोन चांगले पाऊस झाल्यावर, साधारण जुलैत लावा. काटेरी बाभळीच्या फांद्यांचं कुंपण लोखंडी जाळीपेक्षा बरं. जाळी चोरीला जाते, फांद्या कुणी नेत नाही.

पहिले दोन उन्हाळे प्रत्येक झाडाला आठवड्यातून दोनदा पंधरा-वीस लिटर पाणी लागेल, शक्यतो खारट बोअरचं नको. हे कोण घालणार, त्याचं नाव लावायच्या दिवशीच ठरवा. ते घरचेच असतील तर उत्तम. अकरा झाडांना एवढं पाणी पुरणार नसेल तर अकरा झाडं लावूच नका. चार लावा आणि अकराही नावं एका दगडावर कोरून घ्या. झाडागणिक पाटी लावायची ती दुसरा उन्हाळा निघाल्यावर, जगलेल्या झाडांना. पाटी अॅल्युमिनियमची, खोडाला खिळा मारून नाही, तारेच्या सैल फेऱ्यानं बांधायची आणि दरवर्षी तार सैल करायची, नाहीतर ती सालीत रुतते.